वरच्या एक टक्क्यात

माझ्या वडलांनी जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही. आईनं जीव ओतून पुरणपोळ्या केल्या तर म्हणायचे, "झाल्यात." मी बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास आणला तेव्हा मार्कशीट उलटी करून मागे काही राहिलंय का ते बघितलं आणि म्हणाले, "हं." एखाद्या विद्यार्थ्यावर फारच खूष झाले, म्हणजे दोन-चार वर्षांतून एकदा, तर "वाईट नाही" म्हणायचे. आणि ज्याला हे "वाईट नाही" मिळालं तो दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन घरी यायचा. थापा नाही मारत, मी खाल्लेत ते पेढे.

यशवंत भालकीकर त्यांचं नाव. आम्ही अप्पा म्हणतो. एकतीस वर्षं एकाच कॉलेजात गणित शिकवून ब्याण्णव साली रिटायर झाले. मी प्रमोद, त्यांचा एकुलता एक. मीही गणितात एम.एस्सी. आहे, आणि काचीगुडा स्टेशनसमोर एस.टी.डी., आय.एस.डी., झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान चालवतो. गणिताचा उपयोग म्हणाल तर फोनची मिनिटं मोजायला होतो.

असं का झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण मी ते सगळ्यांनाच सांगतो. त्र्याऐंशी साली मीही अमेरिकेला पीएच.डी.साठी अर्ज केले होते. दोन ठिकाणी. तिथं नुसती ॲडमिशन मिळून भागत नाही. ॲडमिशन म्हणजे लग्नाची पत्रिका, जेवणाचं ताट नव्हे. ताट म्हणजे असिस्टंटशिप. आपण तिथल्या पोरांना शिकवायचं, ते आपली फी माफ करतात आणि वर महिन्याचा खर्च देतात. ती मिळते शिफारसपत्रांच्या जोरावर. माझं प्रोजेक्ट अप्पांच्या हाताखाली झालेलं, त्यामुळे एक पत्र त्यांचं. त्यांनी ते लिहिलं, पाकिटात घातलं आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही ठोकली. मी विचारलं, "काय लिहिलंत?" म्हणाले, "लिहायचं ते लिहिलं." एकीकडून नकार आला, दुसरीकडून ताटाशिवायची पत्रिका आली. मी काय समजायचं ते समजलो. पुढची अकरा वर्षं, दुकानात फोनसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो की माझ्या बापानं सख्ख्या पोराला "वाईट नाही" सुद्धा दिलं नाही.

तर, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, वृषाली दुकानात आली. अप्पांच्या शेवटच्या बॅचची, त्यांच्याच हाताखाली प्रोजेक्ट केलेली. तिचे वडील विनयराव सिकंदराबादला रेल्वेत क्लार्क. आदल्या वर्षी तिला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली होती, असिस्टंटशिप मिळाली नव्हती. हे दुसरं वर्ष, आणि तिसऱ्यांदा अर्ज करायचा नाही असं घरात ठरलेलं. अमीरपेटच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी तयार होती, पाच फेब्रुवारीपर्यंत तीन वर्षांच्या बाँडवर सही करायची. तेव्हा अमीरपेटेत रोज एक नवा कॉम्प्युटरचा बोर्ड लागायचा आणि गणित शिकलेलं माणूस दिसलं की धरून आत न्यायचे. वृषालीला आत जायचं नव्हतं. तिला गणितच करायचं होतं, आणि ते ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी.

"दादा, हे बघा तर," तिनं एक पत्र पुढे केलं.

तिथल्या एका प्रोफेसरचं पत्र. ॲडमिशन दिली आहे, अभिनंदन. पण असिस्टंटशिपसाठी समितीला आणखी एक शिफारसपत्र हवं आहे, तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं. एक फेब्रुवारीपर्यंत, फॅक्स चालेल. कारण असं, की तुमच्या विभागप्रमुखांकडून यंदा आम्हाला चार विद्यार्थ्यांसाठी चार पत्रं आली आहेत, आणि चारही पत्रांत तो विद्यार्थी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम आहे.

मी खो खो हसलो. हे विभागप्रमुख, नाव कशाला घ्या, मोठ्या मनाचा माणूस. पोरांना सांगायचे, "तुमचं तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." पोरं एकमेकांचं बघून लिहायची.

"तू काय लिहिलं होतंस?"

"तेच," वृषाली जमिनीकडे बघत म्हणाली. "आता सरांनी दिलं तरच. माझं काम त्यांच्याशिवाय कुणी बघितलेलंच नाही."

"वृषाली, माझं ऐक. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस? माझं काय झालं बघतेस ना?"

"दुसरं कोण आहे, दादा?"

कुणी नव्हतं. तिला घेऊन घरी गेलो.

अप्पांनी फॉर्म टेबलावर ठेवला आणि ओळीखाली पट्टी धरून वाचायला घेतला. सही-शिक्क्याची जागासुद्धा वाचली. मग पट्टी एका ओळीवर थांबली. 'आपण आजवर शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांमध्ये अर्जदाराचे स्थान.' पुढे चौकोन: वरचे एक टक्का, पाच टक्के, दहा, पंचवीस, पन्नास.

"सर्व विद्यार्थ्यांमध्ये," अप्पा म्हणाले. "हे कसं सांगणार?"

"अंदाजे, सर," वृषाली म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"अंदाजे?" अप्पांनी चष्मा काढला. "एक तारखेला अजून वीस दिवस आहेत. मोजू."

आई दारात उभी होती. "अहो, पोरीला अमेरिकेला पाठवायचंय. शिरगणती नाही करायची."

"त्यांनी विचारलंय," अप्पा म्हणाले.

तुम्ही म्हणाल, एकतीस वर्षांचे विद्यार्थी कसे मोजणार, दर वर्षी पेपर वेगळा. तर अप्पांचा युनिव्हर्सिटीच्या मार्कांवर कधीच विश्वास नव्हता. दर डिसेंबरात ते स्वतःची एक परीक्षा घ्यायचे. आकडे बदलायचे, बाकी पाच प्रश्नांचा गाभा एकतीस वर्षं तोच. एकोणसत्तरात आंदोलनामुळे कॉलेज बंद होतं तर पोरांना आमच्या घरी ओसरीवर बसवून घेतली होती. आणि प्रत्येक वर्षाचं एक रजिस्टर. सगळी माळ्यावर.

ती खाली काढायला मी. प्रत्येक नावाची चिठ्ठी करायची, तिच्यावर मार्क लिहायचे आणि मार्कांप्रमाणे चिठ्ठ्या लावायच्या, हे ठरलं. कागद माझ्या दुकानातला, बिघडलेल्या झेरॉक्सचा. चिठ्ठ्या लावायला बेकरीतून उस्मानिया बिस्किटांची रिकामी खोकी आणली. दोन दिवसांत बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सकाळी दुकान, दुपारी चिठ्ठ्या. वृषाली मदत करायला बसली तर अप्पांनी हाकलून दिलं. "उमेदवारानं मतमोजणीला बसायचं नसतं."

आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलेलं होतं. तिनं आधी विनवलं, मग आवाज चढवला, मग अबोला धरला. अप्पांना अबोल्याचा पत्ताच लागला नाही, त्यामुळे तो वाया गेला. शेवटी तीस बायका रजिस्टरांमधून वाट काढत भिंतीला टेकून बसल्या. एकीच्या मांडीवर अठ्ठावन्न ते बासष्ट मार्कांचं खोकं होतं. तीळगुळाचं ताट एकोणीसशे एकाहत्तरच्या बॅचवर ठेवलेलं. "तीळगूळ घ्या, गोड बोला," आई प्रत्येकीला म्हणत होती आणि अप्पांकडे असं बघत होती की तिथल्या तिथं तीळ पुन्हा भाजून निघावेत.

या तीस बायकांमुळे बोभाटा झाला. भालकीकर सर सगळ्यांचे नंबर काढतायत! दुसऱ्या दिवसापासून जुने विद्यार्थी यायला लागले. कुणी सहज आलो म्हणे, कुणी संत्री घेऊन आलं. सगळे इकडचं तिकडचं बोलून शेवटी त्याच गोष्टीवर यायचे. एक बँकेचे मॅनेजरसाहेब स्कूटरवरून आले, टाय लावून. "सर, अपना नंबर कित्ता आया?"

अप्पांनी खोकं बघितलं. "आजपर्यंतच्या मोजणीत बाराशे सात."

"बारा सौ? सर, मैं ब्रांच मॅनेजर हूं!"

"वो बाद में हुए. पेपर पहले दिए थे," अप्पा म्हणाले. साहेब चहा अर्धा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं येऊन आईला विचारलं, की रात्रीपासून हे बोलत का नाहीत.

मी मात्र मनातून खूष होतो. का ते सांगायला नको. माझीही बॅच कधीतरी येणारच होती, आणि माझा नंबर मला माहीत होता. पहिला नाही तर दुसरा. बरं, पाचवा धरा. अप्पांच्या स्वतःच्या परीक्षेत, अप्पांच्या स्वतःच्या अक्षरात! एकदाचं दिसेल तरी की कुणी कुणाचं वाटोळं केलं. मी भराभर चिठ्ठ्या लावत होतो.

अठ्ठावीस तारखेला मोजणी संपली. दोन हजार ब्याऐंशी विद्यार्थी. वृषालीला त्र्याण्णव मार्क, तिच्या वर फक्त दोघं, एक सहासष्टचा आणि एक चौऱ्याहत्तरचा. तिसरी! दोन हजार ब्याऐंशीत तिसरी! मी अक्षरशः नाचलो. आई राग विसरून साखर आणायला धावली. अप्पा यादी परत वरून खाली वाचत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अप्पा, ब्याऐंशीची बॅच कुठंय? माझी?"

"ती यात नाही."

"रजिस्टर हरवलं?"

"हरवलं असं मी म्हटलं नाही."

"मग आणा की."

"राहू दे ते," अप्पा म्हणाले आणि फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून दिला.

आणि तिथं घोडं अडलं. फॉर्म म्हणतो 'सर्व विद्यार्थी'. एक बॅच सोडून मोजलेले म्हणजे सर्व नव्हेत, आणि सर्व नसताना सर्व असं अप्पा लिहिणार नाहीत. मी म्हटलं, लिहा की, एक बॅच वगळून. तर म्हणाले, "का वगळली ते लिहावं लागेल." मग लिहा का वगळली ते! त्यावर तोंडात मिठाची गुळणी. एकोणतीस गेली, तीस गेली. माझ्या बापाला खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहायचं नव्हतं, आणि मधल्यामधे त्या पोरीचा जीव टांगणीला.

वृषाली रोज संध्याकाळी यायची. पहिल्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी दारातच उभी राहिली. तीस तारखेला म्हणाली, "सर, तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या. मी बाँडवर सही करते. कॉम्प्युटरमध्येही गणितच असतं म्हणतात." हसत म्हणाली. अप्पांनी तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की बोलायला शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुचले.

एकतीस तारखेला बारा वाजता दुकानाचं शटर ओढलं आणि तरातरा घरी गेलो. अप्पा खुर्चीत बसले होते, समोर कोरा फॉर्म.

"उद्या शेवटची तारीख आहे. काय ठरलं?"

"विचार करतोय."

"विचार? अकरा वर्षांपूर्वी माझ्या वेळी नाही केलात तो विचार! मला माहितीये तुम्ही ते रजिस्टर का दडवलंय. तुम्हाला भीती वाटते, की मी वरती निघेन. मग जगाला कळेल ना, भालकीकर मास्तरांनी स्वतःच्या हुशार पोराला झेरॉक्सच्या दुकानात बसवलं! माझं केलंत ते केलंत, आता तिचंही करताय. एका मुलाचं वाटोळं पुरलं नाही?"

मी आणखी पुष्कळ बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. अप्पा ऐकत राहिले. एवढं बोलून एक शब्दसुद्धा परत येत नाही म्हटल्यावर माणूस आणखीच भडकतो.

मग आई स्वयंपाकघरातून आली. कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "त्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, धोतरांच्या खाली. काय आहे त्यात मला ठाऊक नाही, पण मी धोतरं ठेवायला गेले की हे मागे येऊन उभे राहतात. एकदाचं बघ आणि मिटव."

"कुसुम," अप्पा म्हणाले. उठले मात्र नाहीत.

रजिस्टर तिथं होतं. मी जमिनीवर बसकण मारली आणि अप्पांच्या समोरच चिठ्ठ्या करायला लागलो. एकसष्ट नावं. पहिल्या पानावर रंजना, चौऱ्याण्णव मार्क. रंजना! शेवटच्या बाकावर बसायची, वर्षभरात दहा वाक्यं बोलली नसेल. आता जामबागेत शाळेत शिकवते. म्हणजे वृषालीच्या वर आणखी एक, वृषाली चौथी. ठीक आहे, माझं नाव कुठंय? दुसऱ्या पानावर. भालकीकर पी. वाय., एकाहत्तर.

एकाहत्तर? मी सतरा म्हणून वाचलं असतं तरी एवढा दचकलो नसतो. पेपरातला एक प्रश्न मी आख्खा चुकवला होता, तो मला तिथल्या तिथं आठवला. अकरा वर्षं कसा आठवला नव्हता कोण जाणे. चिठ्ठी घेतली, खोक्यांमध्ये तिची जागा शोधली आणि वरच्या चिठ्ठ्या मोजल्या. मोजायला बराच वेळ लागला, त्यावरूनच काय ते समजा. दोन हजार एकशे त्रेचाळीसमध्ये मी तीनशे अठ्ठ्याऐंशीवा. परत मोजलं. तीनशे अठ्ठ्याऐंशीवा.

मला वाटलं, संपलं. अप्पांनी खरं तेच लिहिलं असणार. मी होतोच पंचवीस टक्क्यांतला, बापानं तेवढंच सांगितलं, आणि मी त्याला गावभर बदनाम केलं. रजिस्टर मिटायला गेलो तर शेवटच्या पानाशी दोन कागद होते.

एक म्हणजे त्र्याऐंशीच्या फॉर्मची हातानं उतरवलेली नक्कल. अप्पा सगळ्याची नक्कल ठेवतात, विजेच्या बिलाच्या तक्रारीचीसुद्धा. अर्जदाराचं नाव: माझं. तोच प्रश्न, तेच चौकोन. आणि खूण होती पहिल्या चौकोनात. वरचे एक टक्का.

मी नंबर विसरलो, वर बघितलं. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

दुसरा कागद पत्राची कार्बन कॉपी. इंग्रजीत, अप्पांच्या टाइपरायटरवरची. मी अतिशय हुशार आहे, असं त्यात लिहिलं होतं. माझी विचार करण्याची पद्धत स्वतंत्र आहे, असं लिहिलं होतं. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी क्वचितच पाहिला, असंही. वाचताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि सहीच्या वर, शेवटचा परिच्छेद, एवढाच: 'अर्जदार माझा मुलगा आहे. समितीने माझ्या वरील मतातून योग्य वाटेल तेवढी वजावट करावी.'

मला हसू फुटलं. काय करू, नाही आवरलं. "अप्पा! त्यांनी शंभर टक्के वजावट केली की हो!"

"तेव्हा वाटलं नव्हतं एवढी करतील," अप्पा म्हणाले.

"पण एक टक्का? मी तीनशे अठ्ठ्याऐंशीवा आहे!"

"तेव्हा मोजलं नव्हतं."

"मोजलं नव्हतं की मोजायचं नव्हतं?"

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मोजायचं नव्हतं."

"मग खालचं वाक्य कशाला घातलंत? वरचं सगळं पाण्यात गेलं ना त्यानं."

"खूण केली आणि दोन दिवस अन्न गेलं नाही. ते वाक्य घातलं, मग गेलं."

"अगंबाई," आई म्हणाली. "मला सांगितलंत पोट बिघडलंय म्हणून. दोन दिवस मऊभात केला मी."

आई हसायला लागली, मी हसत होतोच. आणि हसता हसता मला रडायला आलं. बत्तीस वर्षांचा घोडा, चिठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात बसून मुसमुसत होतो. ज्या माणसानं जन्मात एक खोटं लिहिलं नाही त्यानं माझ्यासाठी लिहिलं होतं, आणि ते पचलं नाही म्हणून खाली खरं लिहून टाकलं होतं. आणि ते जगाला दिसेल या लाजेपायी तीन दिवस वृषालीचा फॉर्म अडवून बसला होता. मी त्यांचे पाय धरावेत असं मला वाटलं. पण आमच्या घरात असलं काही करायची पद्धत नाही, त्यामुळे नाक पुसलं आणि म्हणालो, "लिहा आता. चौथी. दोन हजार एकशे त्रेचाळीसपैकी चौथी. आता सर्व झाले."

"झाले," अप्पा म्हणाले आणि टाइपरायटरवरचं फडकं काढलं.

अर्ध्या तासात पत्र झालं. परीक्षेची पद्धत, एकूण विद्यार्थी, स्थान चौथं, प्रोजेक्टमध्ये तिनं स्वतः काय शोधलं आणि कुठं चुकली तेही. मी वाचत शेवटाला आलो आणि कपाळाला हात लावला. शेवटचं वाक्य होतं: 'तिचे काम वाईट नाही.'

"अप्पा, हे खोडा. ते लोक मरतील असलं वाचून! त्यांच्याकडे वाईट नाही म्हणजे वाईटच."

"मला जे वाटतं ते तेच आहे."

"तुम्हाला काय वाटतं ते या घराबाहेर कुणाला कळतं?"

अप्पांनी बराच विचार केला. मग वाक्य तसंच ठेवून त्याखाली आणखी एक टाइप केलं: 'हे शब्द मी एकतीस वर्षांत अकरा विद्यार्थ्यांसाठी वापरले आहेत.'

एक तारखेला संध्याकाळी वृषाली आणि विनयराव दुकानात हजर. तिकडे सकाळ व्हायला हवी म्हणून थांबलो होतो. लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा कागद हळूहळू आत गेला आणि मशीननं पोच छापली. विनयराव त्या पोचपावतीला हात जोडत होते. मी पैसे घेतले नाहीत, म्हटलं हा फॅक्स माझ्याही कामाचा आहे. त्यांना ते समजलं नाही.

चार तारखेला सकाळी शटर उघडतोय तर मशीनमधून कागद लोंबत होता. असिस्टंटशिप मंजूर, पूर्ण फी माफ, ऑगस्टमध्ये हजर व्हावे. खाली त्या प्रोफेसरनं हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. प्रोफेसर भालकीकरांना विचारावं, वरचे तिघं सध्या काय करतात, आणि त्यांच्यापैकी कुणाला अर्ज करायची इच्छा आहे का. मी शटर अर्धवट टाकून सिकंदराबादची बस पकडली. वृषालीनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पायऱ्यांवर बसली. विनयराव पेढे आणायला चप्पल न घालताच निघाले.

संध्याकाळी ती घरी आली, अप्पांच्या पाया पडली. अप्पा म्हणाले, "ठीक." तिला तेवढं पुरलं. मी रंजनाच्या शाळेतही जाऊन आलो. तिला सांगितलं तू तिसरी आलीस म्हणून. ती म्हणाली, "अय्या, सरांनी तेव्हा का नाही सांगितलं?" प्रोफेसरचा पत्ता तिच्या हातात दिला.

रविवारी रजिस्टरं माळ्यावर चढवायची होती. आईनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, जेवणाआधी खोली मोकळी दिसली पाहिजे. मी स्टुलावर उभा, अप्पा खालून एकेक वर्ष देत होते. ब्याऐंशीचं हातात आलं तेव्हा ते थांबले. दिलं नाही मला.

"तू परवा मोजलंस ते," ते म्हणाले. "घाईत मोजलंस."

"दोनदा मोजलं, अप्पा. तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"रागात होतास."

"मग?"

अप्पांनी रजिस्टर काखेत धरलं आणि पायानं एक बिस्किटाचं खोकं माझ्याकडे सरकवलं. "खाली ये. परत एकदा बघू. एखाददुसरा चुकून तुझ्या वर बसला असेल."

मी स्टुलावरून उतरलो. आई आतून ओरडली, पान वाढू का म्हणून, आणि अप्पा म्हणाले, "थांब जरा, मोजतोय."